अनुभव धागा: महायुद्ध आणि आपल्या घरातली माणसं

कोल्हापुरात महावीर उद्यानातल्या पोलिश स्मारकापाशी भाचीनं विचारलं, "हे लोक इथं कसे आले?" आणि आज्जी आठवली.

वळिवड्याला १९४३ ते ४८ कॅम्प होता. सुमारे पाच हजार पोलिश, जास्त करून बायका आणि पोरं. रशियानं सायबेरियाकडं धाडलेले, इराणमार्गे इथवर पोचलेले. आज्जी तिथं दूध घालायची. एकदा थोरल्या काकांना कडेवर घेऊन गेली. रोजच्या घरातल्या बाईनं काकांना मागून घेतलं, त्यांचे तळपाय ओठांना लावले आणि बराच वेळ सोडलंच नाही. मग दोन बोटं दाखवली, हात जमिनीकडं केला. दोन पोरं वाटेत पुरली होती. त्यानंतर आज्जी काकांना घेतल्याशिवाय कधी दूध घालायला गेली नाही.

तुमच्या घरी असं काही सांगितलं जातं का? लिहा.

*गिरगावकर*
१४ एप्रिल १९४४. आजोबा मशीद बंदरला पेढीवर. धमाका झाला तसे सगळे ओरडले, जपानी आले! खरं तर व्हिक्टोरिया डॉकमधलं फोर्ट स्टिकीन जहाज. कापूस आणि दारूगोळा एकाच जहाजात, कुणी भरू दिलं हो? सोन्याच्या विटा उडाल्या ते सगळ्यांना माहीत असतं. आजोबा मात्र एका बोहरी म्हाताऱ्याचंच सांगायचे. आजोबांच्या पायात काचा गेलेल्या बघून त्यानं स्वतःच्या चपला काढून दिल्या आणि तसाच पुढं पळाला. नाव विचारायचं राहिलं, ही रुखरुख त्यांना शेवटपर्यंत.

*मीनल_ता*
अग्निशमन दलाचे ६६ जण गेले त्यात. १४ एप्रिलचा अग्निशमन सेवा दिन त्यांच्यासाठीच असतो. माझे सासरे दलातच होते, त्या दिवशी घरात गोडधोड करू द्यायचे नाहीत.
बाकी रात्री लिहिते, कुकर लावलाय.

*साताऱ्याचा*
पणजोबा मराठा पलटणीत, इटलीत. एका म्हातारीनं मक्याच्या पिठाचं काहीतरी शिजवून वाढलं, तर हे म्हणे, "हा तर आपला घाटा!" तिचा मुलगा भारतात कैदेत होता. तिनं त्याचा फोटो दाखवून विचारलं, बघितलास का? हे हो म्हणाले, बरा आहे म्हणाले. कधी बघितलाच नव्हता. मला ते खोटं फार आवडतं.
यशवंत घाडगे तिथंच पडले, १० जुलै १९४४, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात. व्हिक्टोरिया क्रॉस. वय २२.

*रायगडी*
घाडगे आमच्या माणगावचे! स्मारक आहे गावात. कोकणात आलात तर दोन मिनिटं थांबा.

*अनघा*
साताऱ्याचा, रडवलंत सकाळी सकाळी. तो मुलगा घरी पोचला असेल ना?

*सुनंदा_काकू*
वळिवडे म्हणजे आत्ताचं गांधीनगर ना? पोलिश गेल्यावर तिथं सिंधी निर्वासित आले. आमचा लग्नाचा सगळा बस्ता तिथलाच. रविवारी दुकानं उघडी असतात का हो? भाचीचं लग्न ठरलंय.