मदत हवी आहे: ओपनफोममध्ये इम्पेलर अर्धा फेरा फिरायच्या आत सोल्व्हर डायव्हर्ज होतो

व्होल्यूट416
मंडळी, जरा लवकर सांगा कोणीतरी. ओपनफोममध्ये (प्रवाहाचं गणित करणारं सॉफ्टवेअर) सेंट्रिफ्यूगल पंप, 2900 आरपीएम. इम्पेलरभोवती (पात्यांचं चाक) सिलिंडर काढून आतली मेश (गणितासाठी पाडलेल्या बारीक खणांची जाळी) फिरता झोन केलीय, मध्ये सायक्लिकएएमआय, म्हणजे फिरती आणि स्थिर मेश जोडणारा इंटरफेस. पिंपलफोम (वेळेनुसार बदलणाऱ्या प्रवाहाचा सोल्व्हर) सुरू होतो, रेसिड्युअल (समीकरणांत उरलेली चूक) व्यवस्थित उतरतात आणि अर्धा फेरा व्हायच्या आत कूरांट नंबर (एका टाइम स्टेपमध्ये प्रवाह किती खण ओलांडतो तो आकडा) एकदम वर जाऊन रन मरतो. चेकमेश (मेश तपासणारी कमांड) म्हणतो 'मेश ओके'. टाइम स्टेप निम्मा केला तरी तिथेच मरतो. काय चुकतंय? शुक्रवारी गाईडना निकाल दाखवायचे आहेत.

जाळीकार
आवृत्ती कोणती? ओमेगा (फिरण्याचा कोनीय वेग) किती लिहिलाय? तो रेडियन प्रति सेकंदात लागतो. 2900 तसाच टाकला असेल तर तुमचा इम्पेलर 27,700 आरपीएमच्या आसपास फिरतोय. 303.7 हवा. आणि पात्यांवर मूव्हिंगवॉलव्हेलॉसिटी आहे की नोस्लिप? फिरत्या मेशवर नोस्लिप ठेवलं तर भिंत फिरते पण तिचा वेग शून्यच धरला जातो.

स्थिरगती
मुळात मेश फिरवायचीच कशाला? एमआरएफ (मेश न फिरवता फिरण्याचा परिणाम समीकरणांत घेणारी पद्धत) लावा, सिंपलफोम (स्थिर प्रवाहाचा सोल्व्हर) चालवा, दुपारपर्यंत हेड (पंप पाणी किती उंच चढवतो ते) हातात. मी इतकी वर्षं पंपांचं काम करतोय, दहातल्या नऊ वेळा एमआरएफ पुरतं.

व्होल्यूट416
ओमेगा 303.7 च आहे, मूव्हिंगवॉलव्हेलॉसिटी पण आहे. आवृत्ती v2306. एमआरएफ नको, मला प्रेशर पल्सेशन (दाबाचे चढउतार) बघायचंय. पाती 6.

जाळीकार
हे पहिल्या पोस्टमध्येच लिहायला हवं होतं. 6 पाती, 2900 आरपीएम, म्हणजे पातं टंगसमोरून (केसिंगचं इम्पेलरच्या सर्वांत जवळचं टोक) सेकंदाला 290 वेळा जाणार. एमआरएफमध्ये इम्पेलर एकाच कोनात गोठलेला असतो, त्यात हे 290 हर्ट्झ दिसूच शकत नाही. स्थिरगती, इथे तुमचा उपाय लागू नाही.

स्थिरगती
लागू नाही कसा? एमआरएफचं उत्तर सुरुवातीचं फील्ड म्हणून द्या. स्थिर पाण्यात एकदम 303 रेडियनने इम्पेलर सोडला की पहिल्या स्टेपलाच दाबाचा धक्का बसतो, रन मरणारच.

जाळीकार
सुरुवातीचं फील्ड म्हणून द्या, त्याला माझा पाठिंबा. पण यांचा रन पहिल्या स्टेपला मरत नाही, जवळपास अर्ध्या फेऱ्याला मरतो.

नवाफोम
ओपनफोम फाउंडेशनच्या शाखेत 10 व्या आवृत्तीपासून एनसीसी (एएमआयच्या जागी आलेली जोडणीची नवी पद्धत) आलंय, एएमआयची डोकेदुखीच संपली. तिकडे जा.

जाळीकार
v2306 ही दुसरी शाखा आहे हो, तिच्यात एनसीसी नाही. शुक्रवारच्या आत सगळी केस दुसऱ्या शाखेत नेणार का ते?

कोअर32
रॅम किती आहे? मी अलीकडेच जुना सर्व्हर घेतला, 32 कोअर. मेमरी चॅनल सगळे भरा, सीएफडीत (प्रवाहाच्या संगणकी गणितात) कोअरपेक्षा त्याचा फरक जास्त पडतो. ग्राफिक्स कार्डावर खर्च करू नका.

बागायतदार_सांगली
2900 कुठून आणला? आमच्या मोटरच्या नेमप्लेटवर 2880 आहे, आणि उन्हाळ्यात व्होल्टेज पडलं की तेवढेही मिळत नाहीत, स्लिप वाढते. हेड वेगाच्या वर्गाने बदलतं, तेव्हा खरा वेग टॅकोमीटरने मोजून घ्या.

अक्षरेषा
टाइम स्टेप निम्मा करूनही रन त्याच कोनाला मरतो. प्रवाहाचा दोष असता तर मरण्याची जागा सरकली असती. हा भूमितीचा दोष आहे. लॉगमध्ये एएमआयची वेट्स (इंटरफेसवरच्या प्रत्येक फेसचा, म्हणजे खणाच्या पृष्ठाचा, किती भाग समोर जुळतो; 1 म्हणजे पूर्ण) छापून येतात, त्यातला किमान आकडा पहिल्या स्टेपला किती आणि मरायच्या आधी किती? शिवाय मूव्हडायनॅमिकमेश हे चेकएएमआय पर्यायासह चालवा. पाणी न सोडवता नुसती मेश फिरते, वेळ लागत नाही.

व्होल्यूट416
सुरुवातीला किमान 0.99. मरायच्या आधी 0.31.

पॅचपांडू
पॅचमध्ये लोवेटकरेक्शन 0.2 टाका (वेट त्याखाली गेलं की लागू होणारा पर्याय). माझं काम झालं होतं.

अक्षरेषा
यांचं किमान 0.31 आहे, 0.2 चा तो पर्याय जागाही होणार नाही. उंबरठा वाढवलात तर ज्या फेसना जोडीदार मिळत नाही तिथे झिरो ग्रेडियंट (समोरचं न घेता आतलंच मूल्य धरणं) लागेल. रन जगेल, पण व्होल्यूटमधलं (शंखाकृती केसिंगमधलं) पल्सेशन नेमकं त्याच इंटरफेसमधून बाहेर येतं. तिथे असं ठिगळ लावून आलेले आकडे गाईडसमोर ठेवू नका. व्होल्यूट416, भूमिती कुठून आली? सिलिंडरचा अक्ष खरोखर झेडवर आहे का?

व्होल्यूट416
जुन्या केसिंगचं आणि इम्पेलरचं थ्रीडी स्कॅन आहे, ड्रॉइंग मिळत नव्हतं. सिलिंडर स्कॅनमधल्या शाफ्टच्या भोकावरून काढला. डिक्शनरीत (सेटिंगच्या फाइलीत) ओरिजिन 0 0 0, ॲक्सिस 0 0 1.

अक्षरेषा
सापडलं. स्कॅनर वस्तू टेबलावर जशी ठेवली तशी घेतो. भोक 2 अंशांनी कललेलं असेल तर सिलिंडरही तेवढाच कलता, आणि तुम्ही तो सरळ झेडभोवती फिरवताय. शून्य कोनाला आतली-बाहेरची मेश तंतोतंत बसते, म्हणून चेकमेश खूश. अर्ध्या फेऱ्याला आतला सिलिंडर उलट बाजूला कलतो, दोन्हींत 4 अंशांचा फरक पडतो. 80 मिमी त्रिज्येवर तो साडेपाच मिमी होतो. इम्पेलर आणि टंगमध्ये तेवढी जागा तरी आहे का?

मेशिंगच्या आधी एसटीएल (भूमितीची फाइल) फिरवून-सरकवून भोकाचा अक्ष झेडवर आणा. नुसते ओरिजिन आणि ॲक्सिसचे आकडे बदलूनही चालेल, पण मग टॉर्क काढताना प्रत्येक ठिकाणी तोच तिरका अक्ष द्यावा लागेल.

बागायतदार_सांगली
जुनं केसिंग असेल तर वेअर रिंगही (इम्पेलर आणि केसिंगमधली फट अरुंद ठेवणारी कडी) बघा. झिजलेली असली तर पाणी आतल्या आत परत सक्शनला जातं, तुमचं हेड प्रत्यक्षाशी जुळणार नाही.

व्होल्यूट416
अक्ष सरळ करून परत मेश केली. नुसत्या फिरवण्यात पूर्ण फेऱ्यात किमान वेट 0.98 च्या खाली गेलं नाही. अक्षरेषा, मनापासून आभार. आता टाइम स्टेप किती ठेवू? वेअर रिंगचं अंतर मी मॉडेलमध्ये घेतलेलंच नाही.

अक्षरेषा
एका स्टेपला 1 अंश म्हणजे सुमारे 57 मायक्रोसेकंद, तिथून सुरुवात करा. टंगजवळचा कूरांट बघून आणखी कमी करा. एमआरएफचं फील्ड घेऊन सुरू करा, स्थिरगतींचं ते म्हणणं बरोबर आहे. पहिले काही फेरे सोडून द्या. लागोपाठच्या फेऱ्यांत टंगवरच्या दाबाची वळणं एकावर एक बसू लागली की मगच एफएफटी (दाबातल्या फ्रिक्वेन्सी वेगळ्या करणं).

स्थिरगती
आणि एमआरएफचं हेडही शुक्रवारी सोबत ठेवा. दोन्हींत मोठी तफावत आली तर आधी वेअर रिंग मॉडेल करा, पल्सेशन नंतर.