आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन: आयुष्मान कार्डावर, सरकारीत, की पैसे भरून खाजगीत?

बेदाणे
आई ७१ वर्षांची, राहायला सांगलीजवळ. दोन्ही गुडघे झिजलेत, डावा जास्त. उभं राहून काढलेल्या एक्स-रेत आतल्या बाजूची हाडांमधली फट संपलेली दिसते, पाय बाकलाय. साखर आहे, एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) ८.६. केशरी रेशनकार्ड, मेडिक्लेम नाही. मिरजेतल्या एका खाजगी डॉक्टरांनी एका गुडघ्याचे १,७०,००० सांगितलेत, दोन्ही एकदम केल्यास ३,१०,०००. ते सरकारी आरोग्य योजनेत नाहीत. बजेट सगळं धरून अडीच लाख, त्यावर एक रुपया नाही. काय करावं?

कोथरूडचा_कट्टा
सरळ पुण्यात आणा आणि रोबोटिक करून घ्या. चार-साडेचार लाख जातील, पण आईपुढे पैसा काय बघायचा?

बेदाणे
बजेट वर लिहिलंय हो.

हाडवैरी
रोबोटने हाड कापताना कोन अचूक मिळतो, हे खरं. पण वर्षाने रुग्ण किती चालतो, यात नेहमीच्या पद्धतीपेक्षा मोठा फरक पडतो असं ठामपणे म्हणता येत नाही. सर्जन आठवड्याला किती गुडघे बदलतो ते आधी विचारा.

त्याहून महत्त्वाचं, ८.६ वर कुठेही तारीख घेऊ नका. साखर चढलेली असताना सांध्यात जंतू शिरले तर इम्प्लांट (बसवलेला कृत्रिम सांधा) काढून दोन टप्प्यांत पुन्हा बसवावं लागतं. तो खर्च पहिल्या ऑपरेशनच्या दुपटीवर जातो आणि त्याच्या पॅकेजात धरलेला नसतो. बरेच सर्जन साडेसात-आठच्या आत मागतात. ही सरासरी तीन महिन्यांची असते, त्यामुळे आज गोळ्या बदलल्या तरी आकडा लगेच हलणार नाही. मधल्या काळात किडका दात, लघवीतला संसर्ग, पायाच्या बोटांमधल्या भेगा निस्तरून घ्या. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती किती दिवस आधी थांबवायची हे हृदयाच्या डॉक्टरांना विचारून ठरवा, मनाने बंद करू नका.

कागदपत्रे_तयार
वय ७१ म्हटल्यावर वाद कसला? आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सुरू आहे, ७० पूर्ण झालेल्या कुणालाही मिळतं, उत्पन्नाची अट नाही. वर्षाला ५ लाखांचं कवच, जुने आजार पहिल्या दिवसापासून धरतात. आयुष्मान ॲपवर आधारने ई-केवायसी होते. वय आधारवरचंच धरतात, म्हणून जन्मतारीख आणि आधारला जोडलेला मोबाईल आधी तपासा. मोबाईल नंबर जुना निघाला की ओटीपी भलतीकडेच जातो आणि सगळं तिथेच अडकतं.

मिरज_जंक्शन
+१. आयुष्मान काढा. ५ लाख मिळतात.

कृष्णाकाठ
वय वंदना कशाला, केशरी कार्डावर महात्मा फुले जन आरोग्य योजना आहेच की. आता पांढऱ्या कार्डवाल्यांनाही मिळते. कुटुंबाला वर्षाला ५ लाख.

कागदपत्रे_तयार
कुटुंबाचे ५ लाख सगळ्यांत मिळून असतात. वय वंदनाचे फक्त घरातल्या सत्तरीच्या पुढच्यांचे. म्हणून म्हटलं.

सिव्हिलवाला
एवढी कार्डं कशाला? सरकारीत १५ ऑगस्ट २०२३ पासून सगळं फुकट आहे. लोकांना सरकारी म्हटलं की नाक मुरडायची सवय.

हाडवैरी
तो निर्णय सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांचा: प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण, उपजिल्हा, जिल्हा रुग्णालय. मिरज-सांगलीची मोठी सरकारी रुग्णालयं वैद्यकीय महाविद्यालयाची, म्हणजे वैद्यकीय शिक्षण विभागाची. तिथे केसपेपर, तपासण्या, खाट यांचे शासकीय दर लागतात. नाममात्र असतात, पण फुकट नाही.

सिव्हिलवाला
नाममात्र म्हणजे फुकटच झालं.

हाडवैरी
इम्प्लांट नाममात्र नसतं. योजनेत केस बसली तर ते रुग्णालय आणतं, नाही बसली तर नातेवाइकांच्या हातात विकत आणायची चिठ्ठी येते.

प्रीमियम_भरणारा
आत्ताच आईचा २५ लाखांचा मेडिक्लेम काढा. आता वयाची अट नाही आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक पॉलिसीवर जीएसटीही शून्य. आमच्याकडे सगळ्यांचे आहेत, निवांत झोप लागते.

क्लेम_खिडकी
निवांत झोपा, पण या ऑपरेशनला त्याचा उपयोग नाही. अपघात सोडून सांधेबदलाला साधारण दोन वर्षं थांबावं लागतं, आणि आधीपासूनच्या आजाराला कंपनी तीन वर्षांपर्यंत थांबवू शकते. एक्स-रे हातात असताना फॉर्मवर 'गुडघेदुखी नाही' लिहिलं तर क्लेम नाकारायला कंपनीला आयतं कारण.

ज्यांची पॉलिसी जुनी आहे त्यांच्यासाठी: खोलीभाड्याची मर्यादा बघा. ३,००० ची मर्यादा असताना ६,००० ची खोली घेतली तर नुसता फरक भरून सुटका होत नाही, सर्जन, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर यांच्या बिलालाही त्याच प्रमाणात कात्री लागते. रोबोटिकला बऱ्याच पॉलिसींत वेगळी मर्यादा असते. हातमोजे, ड्रेप, किट खिशातून जातात.

वनौषधी_प्रेमी
ऑपरेशन कशाला? निर्गुंडीचं तेल सहा महिने चोळा.

फिजिओ_बाई
फट संपून पाय बाकला असेल तर तेलाने तो सरळ होत नाही. मांडीचे व्यायाम मात्र आजपासून सुरू करा: गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, ती खाली दाबून ५ सेकंद धरायचं, १० वेळा, दिवसातून तीनदा. ऑपरेशनआधी मांडी जितकी भक्कम, तितकी नंतर वॉकर लवकर सुटतो.

सरकारी-खाजगी वादात नंतरचा खर्च कुणी धरत नाही. दुसऱ्या दिवशी वॉकरवर उभं करतात, टाके साधारण दोन आठवड्यांनी निघतात, तोवर गुडघा ९० अंशापर्यंत वाकायला हवा. घरी फिजिओ यायचे महिना-दीड महिना पैसे धरा. कमोड, शेजारी धरायला दांडा आणि पाट सोडून उंच खुर्ची. हे सगळं आई घरी यायच्या आधी बसलेलं पाहिजे. उकिडवं आणि मांडी घालून बसणं बंद.

धर्मादाय_डेस्क
एक पर्याय कुणी बोललं नाही. ट्रस्टच्या रुग्णालयांना सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या ४१ एए कलमाखाली १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्या लागतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा १,८०,००० आणि ३,६०,०००. तहसीलदाराचा दाखला घेऊन रुग्णालयातल्या समाजसेवकाला दाखल व्हायच्या आधी भेटा. डिस्चार्जच्या दिवशी दाखला काढून काही होत नाही.

बेदाणे
उत्पन्न त्याच्या वर आहे, त्यामुळे ते बाद. योजनेचं विचारतो: कार्डावर ५ लाख म्हणजे कुठल्याही खाजगीत गुडघा होतो का?

कागदपत्रे_तयार
नाही. रुग्णालय योजनेत हवं, त्यातही अस्थिरोग विभाग अंगीकृत (योजनेने मान्य केलेला) हवा, आणि काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव असतात. त्यामुळे रिसेप्शनवर न विचारता आरोग्यमित्राच्या (रुग्णालयात बसणारा योजनेचा माणूस) टेबलावर विचारा: 'प्रायमरी टोटल नी रिप्लेसमेंट (पहिल्यांदा पूर्ण गुडघा बदलणं), हे पॅकेज या रुग्णालयाला चालू आहे का, शेवटची केस कधी झाली?' शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. यादीत नाव असतं, पण पॅकेजचा दर परवडत नाही म्हणून तारीखच देत नाहीत, असं सर्रास चालतं. आधी पैसे भरून मागून योजनेतून परत मिळत नाहीत. पूर्वमंजुरी आल्याशिवाय दाखल होऊ नका. 'इम्प्लांट चांगलं हवं तर वरचे ४० हजार' म्हणाले तर योजनेच्या हेल्पलाइनवर, १४५५५ किंवा १५५३८८ वर तक्रार करा.

कोथरूडचा_कट्टा
म्हणून म्हणतो, पुणे.

क्लेम_खिडकी
रोखीने करणार असाल तर कोटेशन फोडून मागा. गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतीवर ऑगस्ट २०१७ पासून सरकारी कमाल मर्यादा आहे. कोबाल्ट-क्रोमियमच्या सेटला तेव्हा ५४,७२० अधिक जीएसटी ठरली, त्याआधी तोच दीड लाखाच्या पुढे जायचा. पुढे आकडा थोडा बदलत गेला. रुग्णालयं नफा आता दुसऱ्या रकान्यांत शोधतात: हाडाचं सिमेंट, 'इन्स्ट्रुमेंट चार्ज', आयसीयूची एक रात्र. तेव्हा पॅकेजात सिमेंट, रक्त, आयसीयू, हृदयाची तपासणी आणि टाके निघेपर्यंतची ड्रेसिंगं आहेत का, हे लेखी घ्या. इम्प्लांटच्या खोक्यावरचे बॅच नंबरचे स्टिकर डिस्चार्ज कार्डावर लावून घ्या. पुढे कधी दुरुस्ती लागली तर दुसऱ्या सर्जनला कंपनी आणि साइज कळायला हाच सोपा मार्ग.

सिव्हिलवाला
दोन्ही एकदम करून टाका, एकाच भुलीत काम.

हाडवैरी
७१ वय, साखर. दोन्ही एकदम म्हणजे रक्तस्राव जास्त, हृदयावर ताण जास्त, आणि टेकायला एकही चांगला पाय नाही. भूलतज्ज्ञाने हो म्हटल्याशिवाय नको.

बेदाणे
सगळ्यांचे आभार. ठरलं ते असं: वय वंदना कार्ड काढलं. योजनेतल्या दोन खाजगी रुग्णालयांत आरोग्यमित्राला विचारलं, दोन्हीकडे वर्षभरात एकही गुडघा झालेला नाही. सरकारीत डॉक्टर चांगले वाटले, पण थिएटरची यादी अपघाताच्या केसेसमुळे सारखी पुढे सरकते म्हणाले. आईला तारखेची अनिश्चितता नको आहे. त्यामुळे मिरजेच्या त्याच डॉक्टरांकडे, रोख, फक्त डावा गुडघा. फोड करून मागितल्यावर १,७०,००० त सिमेंट आणि आयसीयू लेखी आलं, रक्त वेगळं. उरलेल्यात फिजिओ आणि कमोड. साखर साडेसातच्या आत आली की तारीख.

कागदपत्रे_तयार
५ लाखांचं कार्ड खिशात ठेवून रोख भरणार? कमाल आहे.

बेदाणे
कार्ड उजव्या गुडघ्यासाठी ठेवलंय. सरकारीत नाव आत्ताच घालून ठेवतो.

प्रीमियम_भरणारा
तोवर मेडिक्लेमची दोन वर्षं भरतील, बघा.

फिजिओ_बाई
वॉकर विकत घेताना चारही पायांचे रबर बघा आणि आईला उभं करून उंची लावा. मूठ मनगटाच्या रेषेत यायला हवी. चाकांचा घेऊ नका.