हान्सा पोलिसच चालवत होते

प्रश्न असा की सिल्क रोड हा डार्कनेटवरचा (इंटरनेटच्या छुप्या भागातला) ड्रग्जचा बाजार २०१३ मध्ये बंद पडला, तो चालवणाऱ्या रॉस उलब्रिक्टला जन्मठेप झाली (जानेवारी २०२५ मध्ये माफीही मिळाली, ते सोडा), तरी पुढच्यांनी कुठल्या भरवशावर दुकानं थाटली? पैशाच्या! सिल्क रोड २.० तर महिनाभरात उभा राहिला.

मला खरी कलाटणी वाटते ती २०१७ची. डच पोलिसांनी २० जूनला हान्सा हा असाच एक बाजार गुपचूप ताब्यात घेतला आणि बंद न करता स्वतःच चालवला. पासवर्ड नोंदवायचे, गिऱ्हाइकांचे घरचे पत्ते कूटबद्ध होण्याआधीच टिपून ठेवायचे, वर त्यांचे तंटेही सोडवायचे. जुलैच्या सुरुवातीला अमेरिकेने अल्फाबे हा दुसरा बाजार पाडला. तिथली मंडळी धावली हान्साकडे, म्हणजे थेट पिंजऱ्यात. गर्दी एवढी की नवी नोंदणी काही काळ थांबवावी लागली. २० जुलैला दोन्ही बातम्या एकदम फोडल्या.

आणि टॉर (हे बाजार ज्यावर चालतात ती ओळख लपवणारी यंत्रणा) फुटलं म्हणून अल्फाबे पडला, असं कोणी म्हटलं तर ते काही पटत नाही. नव्या सभासदांना जाणाऱ्या स्वागताच्या ईमेलमध्ये सुरुवातीला चालकाचा, अलेक्झांडर काझेसचा, स्वतःचा हॉटमेलचा पत्ता जात होता! बँकॉकमध्ये पोलिसांनी त्याच्या फाटकावर मुद्दाम गाडी आदळली, तो बघायला खाली आला, आणि घरातला लॅपटॉप पोलिसांना उघडाच सापडला.

शिवाय काही बाजार मालकांनीच बुडवले. २०१५ मध्ये इव्होल्यूशन या बाजाराचे चालक लोकांचे बाजाराकडे अडकलेले बिटकॉइन घेऊन पसार झाले. तक्रार करणार तरी कुठल्या चौकीत?