एस-एच, सी-एच, टी-एच दुसरीला कसे शिकवावेत?

पाटीवाली: मराठी माध्यम, दुसरी, पट 28. 'कॅट', 'पिन' सगळे वाचतात, पण 'शिप'चं 'स्हिप' होतं. एस-एच म्हणजे जोडाक्षर, असं सांगून झालंय. रोज 15 मिनिटं मिळतात. काय करू?

खडूडस्टर: 'जोडाक्षर' हा शब्द आधी पुसा, घोळ तिथेच आहे. मराठी जोडाक्षरात दोन्ही आवाज शिल्लक राहतात. म्हणजे 'स्हिप' वाचणारं मूल तुमचाच नियम पाळतंय. इथे अक्षरं दोन, आवाज एक. नुसतं 'जोडी' म्हणा.

पुठ्ठ्याचे तुकडे करा, एस-एच मात्र एकाच तुकड्यावर. वहीत तीन चौकटी, हातात तीन चिंचोके. शब्द ऐकायचा, आवाजागणिक एक चिंचोका चौकटीत सरकवायचा, मग त्याच्या जागी अक्षराचा तुकडा. 'शिप'ला चौथी चौकट मागणारं मूल अजून अक्षरंच मोजतंय. आवाज पाय मोडून सांगा, 'श्'. पूर्ण 'श' म्हटलात की 'शइप' ऐकू येणार.

पाटीवाली: आणि क्रम?

उजळणी: एस-एच, सी-एच, सी-के, मग टी-एच. एका जोडीला चार-पाच दिवस: दोन दिवस ऐकणं आणि चिंचोके, दोन दिवस वाचन, शेवटी पाच शब्दांचं श्रुतलेखन. पी-एचची घाई नको.

सी-एचला मराठीचा अडथळा आहे, तो फारसं कुणी सांगत नाही. आपला च दोन प्रकारचा: 'चिमणी'मधला आणि 'चोर'मधला. इंग्रजीत 'चिमणी'वालाच हवा. म्हणून 'चिप', 'चिन'पासून सुरुवात करा, इकारापाशी तो आपोआप येतो. 'चॉप', 'रिच' नंतर. 'मच'चा शेवट 'पाच'सारखा होतोय का, तेवढं ऐका.

सी-के शब्दाच्या सुरुवातीला येत नाही. ऱ्हस्व स्वराला लागून शेवटी येतो: 'डक', 'सॉक'. 'मिल्क'मध्ये मध्ये एल आहे, म्हणून नुसता के.

पाटीवाली: टी-एचला थ सांगू की द?

खडूडस्टर: दोन्ही, पण वेगवेगळ्या आठवड्यांत. आधी 'थिन', 'बाथ', मग 'दिस', 'दॅट'. गळ्याला बोट लावलं की दुसऱ्या गटात थरथर जाणवते. जीभ दातांत धरून हवा सोडायला दाखवा. मूल आपला थ किंवा द म्हणालं तर वाचन अडवू नका, अर्थ कळतो. उदाहरणाला 'ठाणे' मात्र घेऊ नका. पाटीवर टी-एचच असतं, पण आवाज ठ.