सेकंडहँड गाडीत पेट्रोलचा वास, गळती कुठे शोधू?

नीलमोहर:
नमस्कार. चार महिन्यांपूर्वी अकरा वर्षं जुनी पेट्रोल गाडी घेतली. टाकी पूर्ण भरली की दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडताच वास येतो, मागच्या सीटपाशी जास्त. टाकी अर्ध्यावर आली की वास गायब. रात्री गाडीखाली पुठ्ठा टाकून बघते, एक थेंबही नसतो. आता चेक इंजिनचा दिवा लागलाय, स्कॅनरवर पी ०४४२ हा बिघाडाचा कोड आला. एका गॅरेजवाल्याने गाडी न उचलता 'टाकीच बदला' म्हणून सांगितलं.
बजेट: दोनदा टाकी भरायला जेवढे लागतात तेवढे, मजुरी धरून. त्याच्या वर खरंच जमणार नाही.
आधी काय बघू? धुराची टेस्ट (नळ्यांत धूर सोडून गळती शोधतात ती) करून घ्यावी का? मागे लहान मुलगी बसते, तोवर गाडी वापरू का? जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

गरुडझेप:
झाकण. टाकीचं झाकण बदला, दुसरीकडे बघूच नका. माझ्या झाकणाच्या रबराला नखाएवढी चीर गेली होती. नवं लावलं आणि चार दिवसांत दिवा आपोआप गेला. कंपनीचंच घ्या, सगळ्या गाड्यांना बसणारं घेऊ नका.

वाटसरू७२:
मी टाकीतल्या वाफेच्या वाटेवरचे पर्ज व्हॉल्व्ह, कोळशाचा डबा, मधल्या नळ्या आणि झाकण, सगळं एकदम ओरिजिनल टाकलं. पैसे गेले, पण सहा वर्षं त्या बाजूला बघावं लागलं नाही. स्वस्तात करायला जाल तर दोनदा कराल.

नीलमोहर:
@वाटसरू७२ नुसता डबाच माझ्या बजेटच्या बाहेर आहे हो. वर लिहिलंय.

अबोली:
मुलगी मागे बसते ना? मग विकून मोकळ्या व्हा. आम्ही जुन्या गाडीपायी दोन वर्षं गॅरेजच्या पायऱ्या झिजवल्या.

कडुनिंब:
@अबोली विकली तर तोच वास दुसऱ्याच्या मुलांना. दोष माहीत असून गाडी पुढे ढकलणं मला पटत नाही.

अबोली:
घेणाऱ्याला सांगून विकायची. लपवा असं कुठे म्हटलं मी?

जुनास्पॅनर:
ताई, मी बावीस वर्षं हेच काम करतोय. पार्ट मागवायची घाई करू नका, आधी वास कुठून येतो ते नीट बघा.

टाकीतल्या पेट्रोलची वाफ होत राहते. ती हवेत जाऊ नये म्हणून नळीने कोळशाच्या डब्यात जाते आणि कोळसा ती धरून ठेवतो. इंजिन चालू असताना पर्ज व्हॉल्व्ह उघडतो, इंजिन ती वाफ ओढून जाळतं. या बंद वाटेत कुठे फट पडली की कोड येतो. पी ०४५५ म्हणजे मोठी गळती. तुमचा पी ०४४२ म्हणजे छोटी, साधारण १ मिमीच्या भोकाएवढी. पी ०४५६ त्याहून बारीक, अर्ध्या मिमीची. कोड फट केवढी ते सांगतो, कुठे आहे ते सांगत नाही. त्यामुळे कोड बघून पार्ट बदलू नका.

तुमच्याकडे त्याहून चांगले दोन पुरावे आहेत. वास टाकी भरल्यावरच येतो आणि बसायच्या जागेत येतो. झाकण गळत असतं तर वास गाडीबाहेर, झाकणापाशी आला असता. पर्ज व्हॉल्व्ह बहुतेक गाड्यांत बॉनेटखाली असतो, आणि तो उघडा अडकला तर पेट्रोल भरल्यावर गाडी पटकन चालू होत नाही. तसं तुम्ही काही लिहिलेलं नाही.

माझा संशय टाकीच्या डोक्यावर आहे. बऱ्याच गाड्यांत फ्युएल पंप मागच्या सीटच्या बैठकीखालून निघतो. पंपाच्या तोंडाशी रबराची मोठी रिंग असते. टाकी भरलेली असली की वळणावर, चढावर पेट्रोल हिंदकळून तिथवर पोचतं. आधीच्या मालकाने पंप काढून जुनीच रिंग परत बसवली असेल तर ती हमखास गळते. बैठक उचला, खालची पत्र्याची झाकणी काढा, टॉर्च घेऊन बघा. पंपाभोवतीची धूळ कोरडी असायला हवी. एका बाजूला काळी, ओलसर दिसली तर गळती तिथेच. तिथपर्यंत फुकटचं काम आहे.

काही दिसलं नाही तर मग धुराची टेस्ट. दाब अगदी कमी लागतो, अर्ध्या पीएसआयच्या आसपास. टायरमध्ये हवा भरायचा कंप्रेसर कोणी लावू म्हणालं तर गाडी तिथून काढा. सील फाटतील, शिवाय पेट्रोलच्या वाफेत हवा कोंबणं धोक्याचं.

आणि मुलीला सध्या त्या गाडीत बसवू नका. थेंब पडत नसला तरी वाफ आत येतेय. ती हवेपेक्षा जड असते, खाली साचते आणि ठिणगीने पेटते. गाडी उघड्यावरच ठेवा.

गरुडझेप:
तरी झाकण बदलायला काय जातं? पाच मिनिटांचं काम.

वाटसरू७२:
माझा डबा का गेला तेही लिहितो. पेट्रोल पंपावरचं नोझल आपोआप बंद (कट) झाल्यावरही मी गळ्यापर्यंत भरून घ्यायचो. पेट्रोल डब्यात उतरलं आणि कोळसा भिजला.

गरुडझेप:
वीस वर्षं मी कट झाल्यावर आणखी लिटरभर टाकतोय. काहीही झालेलं नाही.

जुनास्पॅनर:
@गरुडझेप तुमचा डबा शाबूत आहे, आनंद आहे. पण वरची मोकळी जागा वाफेसाठी ठेवलेली असते. पहिल्या कटला थांबायचं.

कडुनिंब:
जुनास्पॅनर यांना अनुमोदन. बैठक उचला. आणि झाकणही एकदा बघून घ्या.

नीलमोहर:
बैठक उचलली! झाकणीचे चारपैकी दोनच स्क्रू जागेवर, म्हणजे आधी कोणीतरी हात घातलेला. सगळीकडे पिठासारखी भुरकी धूळ, फक्त पंपाच्या डाव्या बाजूला बोटभर काळा चिकट पट्टा. तिथे वाकले तर वासाने डोळ्यांत पाणी आलं. टाकीचं झाकणही बघितलं, रबर मऊ आहे, चीर नाही.

जुनास्पॅनर:
सापडली. नवी रिंग घ्या. टाकी पाव किंवा त्याहून कमी असतानाच उघडायची. आधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे लाइनमधला दाब उतरतो. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. पंप सोडवायला लोखंडी छिन्नी-हातोडी नको, ठिणगी उडते. पितळेचा पंच किंवा लाकडाचा ठोकळा वापरा. तुमच्याकडे टाकी भरलेली असेल तर नळीने पेट्रोल उपसून घ्या.

वाटसरू७२:
उघडताच आहात तर अख्खा पंप बदला. अकरा वर्षांचा आहे, आज ना उद्या जाणारच.

अवकाळी:
रिंगसोबत धुराची टेस्ट पण करा, आणखी कुठे गळत असेल तर आताच कळेल. आणि घरीच करा, मी अर्ध्या तासात केलं होतं.

नीलमोहर:
सगळ्यांचं वाचलं, मनापासून आभार. पण पंप बदलत नाही, तो व्यवस्थित चालतोय. धुराची टेस्टही आत्ता नाही, गरज पडली तर त्यासाठी पैसे बाजूला ठेवलेत. घरी करणार नाही आणि पेट्रोल उपसणारही नाही, घरात लहान मूल असताना बादलीत पेट्रोल मला नको. मुलीला बसने नेईन, गाडी काचा खाली करून मी एकटी चालवेन. पाववर आली की दुसऱ्या एका मेकॅनिककडे उघड्या जागेत रिंग बदलून घेईन.

अवकाळी:
रिंगेसाठी दोन आठवडे थांबणार? ठीक, गाडी तुमची.

नीलमोहर:
अपडेट: सतरा दिवसांनी काम झालं. जुनी रिंग मागून घेतली. नवीवर ठेवली तर जवळजवळ करंगळीच्या रुंदीएवढी मोठी भरते. फुगलेली, एका ठिकाणी चिमटून चपटी झालेली, खाचेत नीट बसलेलीच नव्हती. कोड पुसून घेतला. काल पहिल्या कटपर्यंत टाकी भरली, आज सकाळी मागचं दार उघडून बैठकीला नाक लावलं. वास नाही.

जुनास्पॅनर:
छान. दिव्याचा निकाल एवढ्यात धरू नका. टाकी काठोकाठ असताना गाडी गळतीची तपासणी करतच नाही. बहुतेक गाड्यांत १५ ते ८५ टक्क्यांच्या मध्ये आणि इंजिन रात्रभर थंड झालेलं असताना ती होते. अर्ध्या टाकीवर चार-पाच सकाळी जाऊ द्या, मग लिहा.

गरुडझेप:
झाकण मात्र बदलून टाका.

नीलमोहर:
टाकी अर्ध्यावर, आज पाचवी सकाळ. दिवा लागलेला नाही. मुलगी मागे बसली.