मदत हवी आहे: ग्वाल्हेरच्या थंडीत धावण्याचा सराव टिकवायचा कसा?

लष्करवाला
फेब्रुवारीच्या शेवटी हाफ मॅरेथॉन आहे, 21.1 किमी. नोव्हेंबरपर्यंत आठवड्याला चार दिवस, 30 किमी नीट चालू होतं. डिसेंबर लागला आणि साडेपाचचा गजर बंद करून पुन्हा रजईत. पंधरा दिवसांत तीनच वेळा बाहेर पडणं झालंय. तापमान 6 अंश, धुकं, आणि परतल्यावर अर्धा तास खोकला. ऑफिस साडेदहा ते सात. 'मनाचा निग्रह करा' सोडून काहीही सुचवा.

गोपाचल
निग्रह राहू द्या, तुमची वेळच चुकतेय. पहाटेची हवा शुद्ध असते हे आपल्याकडे जानेवारीत उलटं होतं. रात्री जमीन गार पडते, तिला लागलेली हवा जड होऊन खालीच बसते आणि वर उबदार हवेचं झाकण तयार होतं. शेकोट्यांचा नि गाड्यांचा धूर त्याखाली कोंडतो. ऊन तापल्यावर हे झाकण सुटतं, म्हणून दुपारची हवा त्यातल्या त्यात बरी. संध्याकाळी सातनंतर पुन्हा तेच.

म्हणून रविवारचं लांब अंतर सकाळी अकराला नाहीतर दुपारी तीनला. एक्यूआय (हवेच्या प्रदूषणाचा निर्देशांक) 200 च्या वर 'खराब' धरतात. त्या दिवशी वेगाचा सराव नको. 300 च्या वर असेल तर घरातच जिना किंवा ट्रेडमिल, चढ 1 टक्का ठेवून. मधल्या वारी सूर्योदयानंतर, पावणेआठ ते साडेआठ. ऑफिस गाठता येतं.

पहाटप्रेमी
असहमत. वेळ बदलली की सवय मोडते. सगळे कपडे रात्रीच खुर्चीवर काढून ठेवा, गजर दुसऱ्या खोलीत. 'फक्त दहा मिनिटं' ठरवून निघायचं, नको वाटलं तर परत. बहुतेक वेळा परत फिरत नाही माणूस.

गोपाचल
दहा मिनिटांची युक्ती पक्की, पण ती पावणेआठलाही चालते की! साडेपाचला मिट्ट काळोख, सूर्य सातच्या पुढे उगवतो, आणि धुक्यात बिनदिव्याची दुचाकी दहा पावलांवर आल्याशिवाय दिसत नाही. जायचंच असेल तर चमकणाऱ्या पट्ट्यांचं जाकीट घाला आणि समोरून येणारी गाडी दिसेल अशा उजव्या कडेने धावा.

टाच_आणि_पोटरी
खोकल्याकडे दुर्लक्ष नको. थंड, कोरडी हवा जोरात ओढली की श्वासनलिका आकसतात. नाका-तोंडावर बफ (गळ्यात घालायची नळीसारखी कापडी पट्टी) घ्या म्हणजे आत जाणारी हवा थोडी दमट होते, आणि घरातच 10 मिनिटं अंग तापवा: जागच्या जागी चालणं, 15 बैठका, पाय मागे-पुढे झुलवणं. पहिला किलोमीटर नेहमीपेक्षा मिनिटभर हळू. गार पोटरीने एकदम वेग घेतला की ती धरते, आणि मग तीन आठवडे घरी बसायचं.
एवढं करूनही छातीतून शिट्टीसारखा आवाज येत असेल किंवा छाती आवळल्यासारखी वाटत असेल तर डॉक्टर. दमा असू शकतो, त्याला आळस म्हणू नका.

कपडे: बाहेर 6 अंश असतील तर 15 अंशांना घालाल तेवढेच. पहिली पाच मिनिटं थंडी वाजायलाच हवी. सुती बनियन नको, घामाने भिजतं आणि अंगावर गार पडतं. पॉलिएस्टरचा पूर्ण बाह्यांचा टीशर्ट, वर पातळ विंडचीटर, हातमोजे, कान झाकणारी टोपी. परतल्यावर पाच मिनिटांत कोरडे कपडे, मग चहा. (गजक, म्हणजे तीळगुळाची वडी, त्यानंतर. एक तुकडा.)

लष्करवाला
चार दिवस जमणार नाहीत असं दिसतंय. तीनवर भागेल का?

गोपाचल
भागेल, वेगाचा एक दिवस सोडला नाही तर. दिवस कमी झाले तरी दम बराच टिकतो, जोर कमी झाला की उतरतो. मंगळवारी 6 किमी: दीड सावकाश, तीन जोरात (दोन-तीन शब्दच बोलता येतील इतपत), दीड सावकाश. गुरुवारी 5 आरामात. रविवारी आठवड्यागणिक 10, 11.5, 13, 9.5, 14, 15.5, 17, 11, मग शर्यत. चौथ्या आठवड्यातली उतरण मुद्दाम आहे, तिथे जास्त धावू नका.
थंडीत तहान लागत नाही, पण घाम जातोच. सव्वा तासापेक्षा जास्त धावायचं असेल तर तासाला 400 मिली पाणी धरा.

मुरारकर
मंगळवारचा कंटाळा आला तर एखाद्या आठवड्यात चढ घ्या. किल्ल्याच्या पूर्वेकडच्या पायवाटेने, ग्वाल्हेर दरवाज्याकडून. तिकडे गाड्या नाहीत; पश्चिमेकडच्या उरवाई दरवाज्याच्या रस्त्यावर आहेत. एका मिनिटाचे सहा चढ, उतरताना चालत. चढावर वेग कमी असल्याने वारा फारसा लागत नाही आणि अंग लवकर तापतं. फक्त दव पडलं असेल तर फरशी निसरडी असते, ऊन आल्यावरच जा.

लष्करवाला
मंगळवारी पावणेआठ. गजर स्वयंपाकघरात ठेवतो. बफ किती जाडीचा घ्यावा?

टाच_आणि_पोटरी
पातळ, एकेरी. जाड घेतलात तर घामाच्या वाफेने ओला होऊन नाकाला चिकटतो. दोन घ्या, एक वाळत असतोच.