वस्तीतल्या मुलांसाठी नाट्यशिबिर : हौशी संस्थेने सुरुवात कशी करावी?

विंगेतला
आमची नागपुरातली हौशी संस्था १४ जणांची आहे. राज्य नाट्य स्पर्धेत नागपूर केंद्रावर बक्षीस मिळालं. आता एका वस्तीत मुलांचं शिबिर घ्यायचं आणि शेवटच्या दिवशी तिथेच आमची एकांकिका दाखवायची आहे. समाजभवन १८ बाय ३० फुटांचं, हाताशी २५,००० रुपये. दिवस किती ठेवावेत, मुलं किती घ्यावीत? लाइटचं कसं करावं? आणि पुढे निधी मागायला हे काम कागदावर कसं आणायचं?

तालीममास्तर
आधी तारखा. एप्रिलमध्ये नको. १४ तारखेपर्यंत समाजभवन आणि विहार भीमजयंतीच्या तयारीत असतात, मग परीक्षा, मग मुलं मामाच्या गावी. मे महिन्यात पारा ४५ कडे जातो, टिनाच्या छताखाली दहानंतर बसवत नाही. विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, म्हणून १० ते २० जूनमधले दहा दिवस बघा. मुलं परतलेली असतात आणि शाळा लागलेली नसते. वेळ सकाळी ७ ते ९.३०. पण आधी वस्तीत नळ किती वाजता येतो ते विचारा. सातला येत असेल तर मुली येणारच नाहीत, पाणी त्याच भरतात. तसं असेल तर संध्याकाळी ५ ते ७.३० करा.

मुलं २५, वय ९ ते १४. त्यातली पाच-सहा गळतील हे धरूनच चाला. शिकवायला दोघं, शिवाय वस्तीतलीच एक ताई रोज हजर हवी. कोणी कुठे राहतं, आज का आलं नाही, हे तिलाच ठाऊक असतं. धाकट्या भावाला कडेवर घेऊन कोणी आली तर परत पाठवू नका, त्याला सतरंजीवर बसवा. तिला परत पाठवलंत तर ती उद्या येत नाही.

तयार संहिता वाटू नका. पाठांतर सुरू झालं की मुलं भिंतीला पाठ लावून एका सुरात बोलू लागतात आणि तो सूर मग जात नाही. पहिले तीन दिवस खेळ, आवाज, आरशाचे व्यायाम (समोरच्याची हालचाल आरशासारखी जशीच्या तशी करायची). चौथ्या ते सहाव्या दिवशी त्यांच्याच विषयांवर प्रसंग उभे करा: नळावरचं भांडण, मोबाइलवरून ओरडा, दुकानातली उधारी. तीन दिवस तालीम, दहाव्या दिवशी २० मिनिटांचा प्रयोग. प्रत्येकाला किमान तीन वाक्यं द्या आणि मोठी भूमिका दोघांना येऊ द्या. ऐनवेळी एक जण गावाला जातोच. खाऊसाठी भिजवलेले चणे आणि केळं, माणशी १५ रुपये धरले तर दहा दिवसांचे ३,७५० होतात. हा खर्च कापू नका.

दिवाबत्ती
स्पर्धेतले हॅलोजन तिथे नेऊ नका. १००० वॅटचे चार लावले की २३० व्होल्टवर १७ अँपिअरच्या वर जातं. समाजभवनाचा पॉवर सॉकेट १५-१६ चा, आणि त्याच लाइनवर पंखे. ऐन प्रसंगात एमसीबी (जादा भार आला की वीज तोडणारा स्विच) पडतो. ५४ गुणिले ३ वॅटचे सहा एलईडी ‘पार’ (रंगमंचाचे झोतदिवे) पुरतात, सगळे मिळून हजार वॅटच्या आत. एक्स्टेन्शनची वायर २.५ चौरस मिमीची घ्या, रीळ पूर्ण उलगडा (गुंडाळलेली वायर तापते), टेपने जमिनीला चिकटवा. साउंड दुसऱ्या बोर्डावर घ्या, नाहीतर स्पीकरमध्ये घर्र येते. अर्थिंग टेस्टरने तपासल्याशिवाय मुलांना वायरीजवळ जाऊ देऊ नका. लाउडस्पीकरची परवानगी पोलीस ठाण्यातून घ्या. रात्री दहानंतर उघड्यावर लावता येत नाही.

जमाखर्च
कागदांचं थोडक्यात. पालकांचं संमतिपत्र पहिल्याच दिवशी, फोटोची परवानगी त्यात वेगळी. रोजची हजेरी, प्रत्येक खर्चाचं व्हाउचर, वस्तीच्या मंडळाचं शेवटी एक पत्र. संस्था नोंदणीकृत हवी, किमान सात सभासद लागतात. कंपन्यांकडून निधी हवा असेल तर आयकर खात्याच्या १२ए, ८०जी नावाने ओळखल्या जाणाऱ्या नोंदण्या आणि कंपन्यांचा सामाजिक निधी घेण्यासाठीची सीएसआर-१ नोंदणी. केंद्राच्या अनुदानाला दर्पण (नीती आयोगाचं स्वयंसेवी संस्थांसाठीचं) पोर्टलची नोंदणी मागतात. एकांकिकेसाठी लेखकाची लेखी परवानगी आणि रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं (संहिता तपासून प्रयोगाला मंजुरी देणारं सरकारी मंडळ) प्रमाणपत्र फाइलला लावा. अर्जात फक्त 'बक्षिसं' लिहू नका. किती मुलं, किती तास, किती टिकली हे आकडे लिहा. निधी देणारे तेच बघतात.

वडसेकर
शिबिराआधी जमलं तर एकदा झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, जाऊन बघा. दिवाळीनंतर मंडई (गावची जत्रा) आणि शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यती) निमित्ताने नाटकं रात्रभर चालतात. हजारांच्या गर्दीत मागच्या माणसापर्यंत शब्द कसा पोचवतात, ते बघून शिकण्यासारखं आहे. आणि वस्तीतल्या आजी-आजोबांना दंडारीची (तिथलं लोकनाट्य) गाणी येत असतील तर शिबिरात त्यांना एक दिवस द्या.

विंगेतला
सगळ्यांचे मनापासून आभार. एकच राहिलं: एकांकिकेचा सेट ८ फुटी फ्लॅट्सचा (चौकटीवर ताणलेल्या रंगवलेल्या भिंती) आहे. तो न्यायचा का?

दिवाबत्ती
नको राजेहो. १८ फुटांत दोन्ही बाजूंना ३-३ फूट विंग (नटांनी आडोशाला थांबायची जागा) सोडली की खेळायला १२ उरतात. त्यात फ्लॅट उभे केले की बाजूला बसलेल्या बायकांना काहीच दिसत नाही. एक बाज, एक माठ, मागे काळा पडदा. आणि दिग्दर्शकाला सांगा, हालचाली १२ बाय १० मध्ये पुन्हा बसवायच्या, तालमीच्या जागी खडूने चौकट आखून.